पहिला पाऊस पडला की एसडब्ल्यूआर चढतो: सीबी अँटेना दहा मीटरवर आणल्यानंतरचं दरवर्षीचं दुखणं

हे दुखणं ज्यांच्याकडे आहे त्यांना लगेच ओळखू येईल. जुना सीबी (२७ मेगाहर्ट्झवरच्या सिटिझन्स बँड रेडिओचा) अँटेना मिळाला, नळ्या सरकवून तो २८ मेगाहर्ट्झवर, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या (हॅमच्या) दहा मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यावर आणला. फेब्रुवारी-मार्चमध्ये एसडब्ल्यूआर (अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत येते हे दाखवणारं गुणोत्तर, १ म्हणजे उत्तम) १.२, मन समाधानी. मृगाची पहिली सर पडली आणि मीटरचा काटा अडीचवर. अँटेना उतरवून लांबी बदलली, पुन्हा १.३. दोन दिवस उघडीप मिळाली आणि काटा परत चढला. पुन्हा उतरवला, पुन्हा सरकवला. पुढच्या जूनमध्ये पहिल्यापासून तेच.

माझ्या गच्चीवर हा खेळ दोन पावसाळे चालला. गुहागरला घर, समुद्र हाकेच्या अंतरावर, वाऱ्यात बारा महिने मीठ आणि जून ते सप्टेंबर पावसाची झड. अँटेना होता पाच-अष्टमांश तरंगलांबीचा उभा, ॲल्युमिनियमच्या एकात एक जाणाऱ्या नळ्यांचा, बुंध्याशी जुळवणीची कॉइल आणि तीन रेडियल, म्हणजे बुंध्यापासून बाजूंना जाणाऱ्या काठ्या. परदेशातून परतलेल्या एका नातेवाइकांच्या माळ्यावर तो कित्येक वर्षं पडून होता. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी मला कळलं ते असं: लांबीत दोष नव्हताच. दोष दुसरीकडे होता, एकाच वेळी तीन ठिकाणी होता, आणि मी दरवेळी लांबी बदलून तो झाकत होतो. म्हणून तो परत येत होता.

रूपांतर मुळात नीट झालंय ना, हे आधी तपासा

सीबीची ४० चॅनेल २६.९६५ ते २७.४०५ मेगाहर्ट्झमध्ये बसतात. पट्ट्याचा मध्य १९ नंबरच्या चॅनेलवर, २७.१८५ ला. अँटेना खूप जुना असेल तर तो २३ चॅनेलच्या काळातला असू शकतो, कारण अमेरिकेत ४० चॅनेल १९७७ पासून आली. त्याचा मध्य आणखी थोडा खाली असतो. आपला दहा मीटरचा पट्टा २८ ते २९.७ मेगाहर्ट्झ. म्हणजे ४४० किलोहर्ट्झसाठी बनलेल्या वस्तूकडून आपण १७०० किलोहर्ट्झ मागतो आहोत. सगळा पट्टा एका जुळवणीत मिळेल ही अपेक्षा सोडून द्या. कुठे बोलायचं ते ठरवा. मी २८.४ धरला, कारण एसएसबीची, म्हणजे आवाजी संभाषणाची, वर्दळ तिथे असते आणि २८.०७४ वरचा एफटी-८ हा संगणकी संदेशप्रकार सुद्धा आवाक्यात राहतो. कुणाला २९.६ वर एफएम करायचं असेल तर त्याची लांबी वेगळी.

हिशोब त्रैराशिकाचाच आहे. २७.१८५ भागिले २८.४ म्हणजे ०.९५७. जुनी लांबी गुणिले ०.९५७ म्हणजे नवी लांबी. माझा अँटेना ६६० सेंटीमीटर होता, तो ६३२ वर आला. २८ सेंटीमीटर कमी. यात करवतीचं काम नाही. नळ्या एकमेकींत सरकवायच्या आणि क्लॅम्प आवळायचे. उलट नळी नळीत जास्त खोल गेल्यामुळे वाऱ्यात अँटेना आधीपेक्षा पक्का उभा राहतो. या लांबीवर एक सेंटीमीटर म्हणजे साधारण ४५ किलोहर्ट्झ, हा आकडा लक्षात ठेवला की पुढे अंदाजाने सरकवावं लागत नाही.

रेडियल विसरू नका. ते पाव तरंगलांबीचे असतात आणि त्यांनाही तोच ०.९५७ लागू होतो. माझे २७० सेंटीमीटरचे होते, ते मी पहिल्या वर्षी तसेच ठेवले. एसडब्ल्यूआर १.६ च्या खाली उतरेना. २५८ केल्यावर आणि कॉइलवरचा टॅप (कॉइलला जिथे जोडणी दिली आहे ती जागा) थोडा हलवल्यावर तो १.२ वर आला. इथे एक गोष्ट मनात पक्की करून घ्या: लांबी बदलली की फ्रिक्वेन्सीनुसार काढलेल्या एसडब्ल्यूआरच्या आलेखातला खळगा डावी-उजवीकडे सरकतो, आणि टॅप हलवला की खळगा उथळ किंवा खोल होतो. खळगा योग्य फ्रिक्वेन्सीवर आहे पण उथळ आहे, अशा वेळी लांबीशी झटापट करण्यात दिवस फुकट जातो.

आणखी एका गोष्टीने बरेच जण दचकतात. अशा अँटेनाच्या केबल जोडायच्या एसओ-२३९ सॉकेटवर मल्टिमीटर लावला की मधली पिन आणि बाहेरचं कवच शॉर्ट दाखवतात. ते बरोबर आहे. जुळवणीची कॉइल डीसीसाठी निव्वळ एक तार आहे आणि तिचं एक टोक कवचाला जोडलेलं असतं. त्यामुळे स्थिर विद्युतभार जमिनीत निघून जातो. अँटेना बिघडला असं समजून ती कॉइल कापून टाकलेली मी पाहिली आहे. अर्थात या रचनेमुळे विजेपासून संरक्षण मिळतं असं मात्र कुणी समजू नये.

आकडा नको, आकार बघा

दोन वर्षं मी एकच आकडा बघत होतो: २८.४ ला एसडब्ल्यूआर किती. आमच्याकडच्या एका ज्येष्ठ हॅम काकांनी मला विचारलं, "अरे, २७.५ ला किती आहे? ३० ला किती आहे?" मला माहीत नव्हतं. काका म्हणाले, "मग तुला काहीच माहीत नाही."

त्यांचं म्हणणं खरं होतं. त्यानंतर मी नॅनोव्हीएनए घेतला. तो नसेल तर कुठलाही अँटेना ॲनालायझर चालतो. २६ ते ३१ मेगाहर्ट्झचा पूर्ण आलेख कोरड्या दिवशी आणि ओल्या दिवशी काढला. ते दोन कागद शेजारी ठेवल्यावर दोन वर्षांत जे दिसलं नव्हतं ते पाच मिनिटांत दिसलं. तुम्हीही सगळ्यात आधी हेच करा. स्पॅनर नंतर हातात घ्या.

ओल्या दिवशी खळग्याचा आकार तोच आहे पण तो पूर्णच्या पूर्ण खाली सरकलाय, २८.४ चा २८.१ झालाय, आणि ऊन पडल्यावर तासा-दोन तासांत जागेवर येतो? मग पाणी कॉइलवर किंवा बुंध्याच्या इन्सुलेटरवर बसतंय. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या आसपास आहे. एवढं पाणी कॉइलच्या वेढ्यांमध्ये थांबलं की कपॅसिटन्स वाढतो आणि फ्रिक्वेन्सी उतरते. अशा वेळी लांबी कमी केली तर पावसात बरं वाटतं आणि उन्हात बिघडतं. माझं पहिलं वर्ष यातच गेलं.

खळगा जागेवर आहे पण उथळ झालाय, बाजू पसरल्यात, आणि वाळल्यावरही सुधारत नाही? मग कुठेतरी रोध वाढलाय. बहुतेक वेळा नळ्यांच्या जोडात.

वाऱ्याबरोबर आकडा उड्या मारतो, किंवा बोलायला सुरुवात केली की एकदम चढतो आणि थोड्या वेळाने बसतो? सैल जोड, नाहीतर कनेक्टरमधलं कच्चं सोल्डरिंग.

आणि सगळ्यात फसवा आकार: खळगाच नाही. २६ पासून ३१ पर्यंत दीडच्या आसपास जवळजवळ सरळ रेघ. पाहणारा खूश होतो की अख्खा पट्टा मिळाला. माझ्याकडे दुसऱ्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये हेच झालं. २८ ते २९.७ सगळीकडे १.३. मी वहीत अभिमानाने लिहून ठेवलं. त्या महिन्यात मला एकही चांगला रिपोर्ट मिळाला नाही. बँड उघडा होता, म्हणजे लांबचे संदेश येत-जात होते, शेजारच्या तालुक्यातला मित्र साध्या डायपोलवर युरोपशी बोलत होता, आणि माझी हाक कुणाला ऐकू जात नव्हती. केबल पाणी प्यायली होती.

केबल: इथेच बहुतेकांचं उत्तर आहे

एसडब्ल्यूआर मीटर खाली शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत असतो. त्याला अँटेना दिसत नाही, केबलच्या खालच्या टोकाला काय परत आलं तेवढंच दिसतं. वर जाताना शक्ती केबलमध्ये खर्च होते, अँटेनावरून परतलेली येतानाही खर्च होते. जितकी केबल खराब तितकं परत येणारं कमी, आणि तितका एसडब्ल्यूआर चांगला दिसतो. अँटेनाच्या पायथ्याशी खरा एसडब्ल्यूआर ३ असेल तर २ डेसिबल खाणाऱ्या केबलच्या खालच्या टोकाला तो १.९ दिसतो. ५ डेसिबल खाणाऱ्या केबलच्या टोकाला १.४ दिसतो. वर अँटेना तोच आहे, तेवढाच बिघडलेला.

आता २ डेसिबल म्हणजे फार नाही असं वाटेल. नवी, कोरडी आरजी-५८ केबल २८ मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे साधारण ८ डेसिबल खाते, म्हणजे २५ मीटरला २ डेसिबल धरूनच चालायचं. ५ डेसिबल म्हणजे मात्र दोन तृतीयांश शक्ती केबलमध्येच उष्णता होऊन संपली.

तपासणी सोपी आहे आणि तिला अँटेना लागतच नाही. केबलचं वरचं टोक अँटेनापासून सोडवा आणि उघडं ठेवा. खालच्या टोकाला नॅनोव्हीएनए लावा. उघड्या टोकावरून सगळी शक्ती परत यायला हवी, म्हणजे एसडब्ल्यूआर खूप वाईट दिसायला हवा. २ डेसिबलच्या धडधाकट केबलला तो साडेचारच्या आसपास दिसतो. दोनच्या खाली दिसला तर केबल जाताना पाच आणि येताना पाच डेसिबल खाते आहे, ती बदला. माझी १.८ दाखवत होती. ही तपासणी फक्त ॲनालायझरने करायची. उघड्या केबलमध्ये रिगने (रेडिओ संचाने) प्रसारण करू नका, फायनल ट्रान्झिस्टरवर ताण येतो.

ज्यांच्याकडे ॲनालायझर नाही त्यांनी गच्चीवर केबलच्या टोकाला ५० ओमचा डमी लोड (अँटेनाऐवजी शक्ती पचवणारा रोध) लावावा आणि पॉवर मीटर आधी खाली, मग वर लावून बघावा. खाली १० वॉट असताना वर ६ च्या आसपास मिळायला हवेत. माझ्याकडे तीन भरले.

पाणी आत शिरलं कुठून? केबलच्या टोकाचा पीएल-२५९ कनेक्टर पाण्यासाठी बंद नसतो, तो तसा बनवलेलाच नाही. पाणी त्यातून जाळीत उतरतं आणि वातीत तेल चढावं तसं तांब्याच्या जाळीतून मीटर-मीटर पसरतं. केबल कापून बघितली तेव्हा जाळी तांबूस असायला हवी होती, ती काळी होती. पहिले ३० सेंटीमीटर कापले, तरी काळी. दोन मीटर कापले, तरी काळी. शेवटी पूर्ण केबल काढली. अशा केबलला ऊन दाखवून उपयोग नाही. पाणी उडून जाईल, पण ऑक्साइड राहील.

मी कनेक्टरवर पांढरं सिलिकॉन भरलं होतं, दुकानात मिळालं ते. त्याला व्हिनेगरसारखा वास येत होता. तो वास ॲसिटिक ॲसिडचा, आणि ते तांबं खातं. असं सिलिकॉन कनेक्टरजवळ कधीही वापरू नका. सिलिकॉन वापरायचंच असेल तर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. मी आता ते वापरतच नाही. आधी पीव्हीसी टेपचा एक थर, म्हणजे पुढे उघडताना कनेक्टर चिकट होत नाही. त्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप, ताणून, खालून वर गुंडाळत, कौलं जशी खालच्यावर वरचं येतं तशी. तिच्यावर पुन्हा पीव्हीसी टेप, कारण रबरी टेपला ऊन सोसत नाही. आणि कनेक्टरच्या खाली केबलला एक झोळ द्या. केबलवरून वाहत येणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, घरात किंवा सॉकेटमध्ये शिरत नाही.

नळ्यांचे जोड

ॲल्युमिनियम हवेत उघडं पडताक्षणी त्यावर ऑक्साइडचा थर धरतो. तो थर वीज वाहू देत नाही. कारखान्यातून निघालेल्या अँटेनात नळ्या एकदाच बसवलेल्या असतात. आपण रूपांतर करताना त्या सरकवतो. म्हणजे इतकी वर्षं उघड्यावर राहून काळवंडलेला भाग आता जोडाच्या आत जातो. सीबी अँटेना सरकवल्यावर हे दुखणं सुरू होतं याचं हे थेट कारण आहे, आणि रूपांतर करताना त्याकडे सहसा लक्ष जात नाही. पहिले तीन-चार महिने क्लॅम्पच्या दाबाने काम चालतं. मग खारट ओल आत शिरते.

सगळे जोड सारखेच महत्त्वाचे नसतात. पाच-अष्टमांश उभ्या अँटेनात विद्युतप्रवाह टोकाला शून्य असतो आणि टोकापासून पाव तरंगलांबी खाली सर्वाधिक. २८.४ ला हिशोब केला तर ती जागा बुंध्यापासून चार मीटरवर येते. माझ्या अँटेनाचा एक जोड नेमका तिथेच होता, आणि तोच सगळ्यात खराब निघाला. टोकाजवळचा जोड थोडा कमी-जास्त असला तर फारसं बिघडत नाही, हा मात्र झोप उडवतो. उलट बुंध्यापासून सव्वा-दीड मीटरवर विद्युतदाब (व्होल्टेज) सर्वाधिक असतो. तिथे ताणाची दोरी बांधू नका, ओली झाली की ती अँटेनाची जुळवणी बिघडवते. दोरी वर, तीन-चार मीटरच्या पट्ट्यात बांधा.

मल्टिमीटरच्या ओमवर खराब जोड सापडत नाही. तो मिलीओममध्ये बिघडलेला असतो आणि मीटरच्या वायरचाच रोध त्याहून जास्त असतो. अँटेना आडवा ठेवून १२ व्होल्टची बॅटरी आणि गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब त्याच्याशी सिरीजमध्ये जोडा. साधारण साडेचार अँपिअर प्रवाह नळीतून वाहतो. मग मल्टिमीटर मिलीव्होल्टवर ठेवून एकेका जोडाच्या दोन्ही बाजूंना टोचा. चांगला जोड दोन-पाच मिलीव्होल्ट दाखवतो. चार मीटरवरच्या माझ्या जोडाने १४० दाखवले. बोटाने दाबला की आकडा बदलत होता. दोन वर्षांच्या वैतागाचं एक कारण त्या दिवशी डोळ्यांसमोर होतं, आणि मला अक्षरशः हायसं वाटलं.

दुरुस्तीचं काम घासण्याचं. आतली नळी बाहेरून बारीक पॉलिश पेपरने, बाहेरची आतून काठीला पेपर गुंडाळून. चकचकीत झाली की लगेच, दहा मिनिटांच्या आत, जोडावर लावायची ऑक्साइडरोधक पेस्ट पातळ चोपडायची आणि नळ्या बसवायच्या. इलेक्ट्रिशियन ॲल्युमिनियमच्या केबलला लग लावताना जी वापरतात तीच. क्लॅम्प स्टेनलेस स्टीलचे. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी ३१६ ग्रेडचे शोधावेत, ३०४ ला इथे काही वर्षांत तांबूस डाग पडतात. तांब्याची तार थेट ॲल्युमिनियमवर आवळू नका. दोन धातू आणि खारं पाणी म्हणजे बॅटरीच झाली, आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. मध्ये स्टेनलेसचा वॉशर घाला.

कॉइलचं घर

जुन्या अँटेनात कॉइल प्लास्टिकच्या टोपीखाली किंवा बुंध्याच्या नळीत असते. वर्षानुवर्षं उन्हात राहून टोपीला केसाएवढ्या भेगा जातात. पाणी आत जातं आणि बाहेर यायला वाट नसते. मी पहिल्या वर्षी भेगांवर एम-सील लावून सगळं घट्ट बंद केलं. त्याने दुखणं वाढलं. दिवसा आतली हवा तापून बाहेर जाते, रात्री थंड होताना ओली हवा आत ओढली जाते आणि पाणी साचत राहतं. जुलैत टोपी उघडली तेव्हा दोन चमचे पाणी निघालं.

आता वरून बंद आणि खाली ४ मिलीमीटरचं एक भोक, एवढंच ठेवलंय. भोकाला बारीक जाळी, नाहीतर कुंभारीण घर बांधते. कॉइलची तार उघडी असेल तर साफ करून वेढ्यांवर एनॅमल वार्निशचे दोन पातळ हात द्या. वेढ्यांमधलं अंतर हलू देऊ नका. हे केल्यावर पावसात खळगा २८.४ वरून २८.३३ पर्यंतच सरकतो. तेवढं असू द्या. त्यासाठी लांबीला हात लावू नका.

केबलला हात लावल्यावर आकडा बदलत असेल तर

रेडियल फक्त तीन असले की थोडा प्रवाह केबलच्या जाळीच्या बाहेरून खाली येतो. केबलही अँटेनाचा भाग होते. मग केबल ओल्या भिंतीला टेकली की एसडब्ल्यूआर बदलतो, मायक्रोफोनच्या धातूला ओठ लागले की चटका बसतो. अँटेनाच्या पायथ्याशी चार इंची पीव्हीसी पाइपवर त्याच केबलचे पाच-सहा वेढे एकाशेजारी एक गुंडाळा. वेढे एकावर एक चढवू नका. दहा मीटर पट्ट्यावर बाहेरचा प्रवाह अडवायला तेवढा चोक पुरतो.

ट्यूनरबद्दल बरेच जण विचारतात. शॅकमधला ट्यूनर (रिग आणि केबल यांच्यात लावायचा जुळवणीचा डबा) रिगला शांत करतो. वरचा बिघाड आणि केबलमधला ऱ्हास तो तसाच ठेवतो. रोग शोधताना ट्यूनर बायपास करा.

फायबरच्या पांढऱ्या काठीचे आणि गाडीवरचे अँटेना

फायबरग्लासच्या आत तार असलेले अँटेना सरकवता येत नाहीत, टोक कापावं लागतं. गाडीवरच्या, पूर्ण लांबीभर तार गुंडाळलेल्या काठ्यांमध्ये थोडीशी लांबीसुद्धा खूप फरक करते, कारण एका सेंटीमीटरमध्ये बरीच तार असते. दोन-दोन मिलीमीटर कापा, दर वेळी मोजा. कापलेलं टोक इपॉक्सीने बंद करा, नाहीतर फायबरच्या धाग्यांतून पाणी आत उतरतं आणि पुढच्या जूनमध्ये तुम्ही हाच लेख पहिल्यापासून वाचाल. अशा काठीचा वापरता येण्याजोगा पट्टा अरुंद असतो, तो कापून वाढत नाही.

आता माझ्याकडे काय चालू आहे

केबल आरजी-२१३ घातली, तिचा ऱ्हास आरजी-५८ च्या निम्म्याहून कमी आहे. ती जाड आणि जड आहे, म्हणून तिचं वजन कनेक्टरवर न टाकता खांबाला बांधून घेतलं. सगळे जोड घासले, कॉइलच्या घराला भोक पाडलं. कोरड्या दिवशी २८.४ ला १.२, बाजूला २७.४ आणि २९.५ ला दोनच्या वर. खळगा स्पष्ट आहे, आणि तो स्पष्ट दिसतो याचाच मला आनंद आहे.

नुसता मीटर बरा दिसतो म्हणून थांबलो नाही. २८.२०० मेगाहर्ट्झवर आंतरराष्ट्रीय बीकनची, म्हणजे आपोआप खुणेचे संदेश पाठवणाऱ्या केंद्रांची साखळी आहे. १८ बीकन पाळीपाळीने दहा-दहा सेकंद बोलतात, तीन मिनिटांत फेरी पूर्ण होते. प्रत्येक जण आपला कॉलसाइन (केंद्राचं ओळखनाव) देऊन १००, १०, १ आणि ०.१ वॉट अशा चार पायऱ्यांनी सूर लावतो. श्रीलंकेचा फोर एस सेव्हन बी आणि हाँगकाँगचा व्ही आर टू बी याच साखळीत आहेत. जुन्या केबलवर मला बँड उघडा असतानाही १०० वॉटचीच पायरी ऐकू यायची. आता चांगल्या दिवशी १ वॉटची स्पष्ट येते. बँड रोज बदलतो, म्हणून एका दिवसावरून ठरवू नका. आठवडाभर ऐका, वहीत लिहा.

आमच्याकडे मे महिन्यात आगोटीची कामं निघतात: कौलं चाळायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, पन्हळी साफ करायच्या. त्याच यादीत अँटेना घातला आहे. वळीव पडण्याआधी एक सकाळ. केबलची उघड्या टोकाची तपासणी, कनेक्टरची टेप नवी, क्लॅम्प आवळणं, कॉइलच्या घराचं भोक मोकळं आहे ना ते बघणं, आणि २६ ते ३१ चा आलेख काढून तारखेसह फाइलमध्ये. पावसात काही बदललं तर त्या आलेखाशी ताडून बघतो.

सहा मीटरची ॲल्युमिनियमची काठी उभी-आडवी करताना आजूबाजूला विजेच्या तारा कुठून जातात ते आधी बघा. काठी कलंडली तर जिथपर्यंत पोचेल त्या वर्तुळात एकही तार नको. असेल तर अँटेनाची जागा बदला. एकट्याने हे काम करू नका, आणि आभाळात गडगडाट असताना गच्चीवर जाऊ नका.

परवान्याचंही सांगून ठेवतो, कारण जुन्या अँटेनाबरोबर जुना सीबी संचही कुणाच्या हाती पडतो. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या संचांसाठी विनापरवाना आहे. २८ ते २९.७ तसा नाही, तिथे प्रसारण करायला हॅम परवाना आणि कॉलसाइन हवाच. अँटेना जुळवून घ्या, परीक्षा द्या, परवाना घ्या आणि मग २८.४ वर हाक मारा. मी संध्याकाळी चार ते सहा तिथे असतो.